आयएनएस शिवाजी पाण्यात नाही

बोरीकाठच्या एका गावातून एका ताईंचं सात पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते.

ताईंचे वडील नौदलात होते. 1967 साली, वयाच्या सतराव्या वर्षी भरती झाले आणि 15 वर्षं काढून 1982 मध्ये पेन्शनवर घरी आले. बॉयलरचं काम हातात होतं म्हणून दीपनगरच्या वीज केंद्रात लागले. तिथून निवृत्त झाल्यावर गावी शेती केली. गेल्या पावसाळ्यात ते गेले. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे आणि सुरतला असणाऱ्या मोठ्या भावाने स्मरणिका काढायचं ठरवलं आहे. मुखपृष्ठावर क्षेपणास्त्र सोडणारी नौका आणि खाली ओळ: '1971 च्या कराची मोहिमेतील शूर योद्धा, कुटुंबवत्सल पिता'. गावातले माजी सैनिक शाळेच्या फाटकाला वडिलांचं नाव द्यायचं म्हणताहेत. ताई शिक्षिका, म्हणून मजकूर त्यांच्या गळ्यात पडला.

त्यासाठी त्यांनी बाबांची काळी पत्र्याची पेटी उघडली. सेवेच्या कागदांत ऑगस्ट 1971 ते मार्च 1972 या काळापुढे एकच शब्द होता, 'शिवाजी'. भाऊ फोनवर म्हणाला, "बघ, म्हणजे शिवाजी नावाच्या जहाजावर होते!" ताईंनी शोधलं तर आयएनएस शिवाजी हे जहाजच नाही. ती लोणावळ्याच्या डोंगरातली नौदलाची प्रशिक्षण संस्था. डिसेंबर 1971 च्या युद्धात आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला केला त्या रात्री बाबा घाटमाथ्यावर होते.

ताई विचारतात, बाबा आयुष्यभर खोटं बोलले का? भावाला सांगितलं तर वर्षश्राद्धाच्या तोंडावर घर फुटेल, नाही सांगितलं तर माझ्या हातून खोटं छापलं जाईल. शिवाय 'कुटुंबवत्सल' लिहायलाही हात अडतो. सहा वर्षांच्या होईपर्यंत ताई बाबांना ओळखत नव्हत्या. एकदा ते सुट्टीवर आले तेव्हा ही पोर "पाव्हना उना, पाव्हना उना" (पाहुणा आला) ओरडत आईकडे पळाली होती. आईला विचारलं तर ती म्हणते, "माले काय माहीत दर्या? मी ते घर दखं. घरनं लिख."

---

ताई,

शिवाजीचा घोटाळा फक्त तुमच्या घरात झालेला नाही, हे आधी सांगते. नौदलात जमिनीवरच्या तळांनाही 'आयएनएस' म्हणतात. मालाडची हमला, जामनगरची वालसुरा, कोचीची द्रोणाचार्य, यातलं एकही जहाज नाही. या तळांच्या फाटकाबाहेर बाजारात जायचं असलं तरी नौसैनिक 'किनाऱ्यावर जातो' असंच म्हणतात. लोणावळ्याची शिवाजी 1945 पासून आहे आणि जहाजाच्या इंजिनांचं काम तिथेच शिकवतात. कागदावर 'शिवाजी' वाचून अमळनेर-पारोळ्याच्या माणसाच्या डोळ्यांसमोर जहाज उभं राहिलं, यात भावाचा काही दोष नाही. माझ्याही राहिलं असतं.

आता बाबा खोटं बोलले का ते पाहू. तुमच्याच पत्राच्या चौथ्या पानावर एक वाक्य आहे, त्यावरून तुम्ही पटकन पुढे गेला आहात: "बाबा स्वतः कधी काही सांगत नसत. युद्धाचं विचारलं तर म्हणायचे, आम्ही खाली होतो." तुम्ही दोघांनी त्याचा अर्थ लावला, कराचीला गेलेल्या जहाजात खाली. पण बॉयलर आणि इंजिनवाल्यांचं सगळं आयुष्य 'खाली'च असतं. वर डेक, वर आकाश, वर तोफा, आणि हे लोक पोटात. वर काय चाललंय ते त्यांना आवाजावरून कळतं. बाबांच्या तोंडून आलेला शब्द खरा होता. त्याच्याभोवतीचं जहाज घरातल्यांनी बांधलं.

मग दीपनगरच्या शाळेतला 15 ऑगस्टचा प्रसंग. पाहुणे म्हणून बोलावलेल्या बाबांची ओळख मुख्याध्यापकांनी 'कराचीचे वीर' अशी करून दिली, टाळ्या पडल्या आणि बाबा गप्प बसले. तुम्हाला ते गप्प बसणं आता टोचतंय. मला तिथे समोरच्या रांगेतला सहावीतला मुलगा दिसतो, तुमचा भाऊ. मुख्याध्यापकांना ही माहिती कोणी दिली असेल, याचा अंदाज तुम्हालाही आहे. भर सभेत उठून "नाही हो, मी तेव्हा लोणावळ्याला शिकत होतो" म्हणणं म्हणजे त्या मुलाला त्याच्या वर्गासमोर तोंडघशी पाडणं. बाबांनी ते केलं नाही. त्यांना अगदी साधुपुरुष ठरवायचीही मला घाई नाही. टाळ्या कोणाला कडू लागतात? पाच मिनिटं त्यांनाही बरं वाटलं असेल. पण ऐकून घेणं आणि स्वतः रचून सांगणं यात फरक आहे, आणि तुमच्या सात पानांत त्यांनी रचून सांगितल्याचा एकही दाखला मला सापडला नाही.

भावाकडे वळू. तुम्ही त्याला बढाईखोर म्हटलंय, दोनदा. मी जरा हिशेब मांडते. त्याचा जन्म 1973 चा. बाबा कायमचे घरी आले तेव्हा तो नऊ वर्षांचा. त्या नऊ वर्षांत बाबा वर्षाकाठी जेमतेम दोन महिने घरी. मुंबईहून रात्रीची गाडी, पहाटे जळगाव, तिथून सुरत पॅसेंजरने अमळनेर, आणि महिनाभराने तोच रस्ता उलटा. गल्लीतल्या सगळ्या पोरांचे बाप संध्याकाळी शेतातून घरी येतात आणि आपला येत नाही, याला पोराला काहीतरी मोठं कारण लागतं. बॉयलरमध्ये पाणी सोडायला गेला आहे, हे कारण पुरत नाही. कराची पुरते. मला वाटतं तो गावापुढे मिरवत नव्हता, स्वतःची समजूत घालत होता. आता त्याचं वय पन्नाशीच्या पुढे आहे आणि बाप पुन्हा, यावेळी कायमचा, गेला आहे. म्हणून स्मरणिकेवर नौका हवी.

हे समजून घ्या, पण त्यापायी मजकूर मात्र वाकवू नका.

कारण सांगते. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरी पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. जहाज काही मिनिटांत पाण्याखाली गेलं, तेव्हा 'खाली' ड्यूटीवर असलेल्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. ती तुमच्या बाबांच्याच धंद्यातली माणसं. त्या डिसेंबरात समुद्रावर कोण होतं आणि कोण नव्हतं, ही नोंद त्यांच्या घरच्यांसाठी शोभेची वस्तू नाही. शाळेच्या फाटकावर दगडात 'कराची मोहीम' कोरलं, तर उद्या एखादा चौकस मुलगा तुमच्यासारखाच शोध घेईल आणि बाबांच्या खऱ्या 15 वर्षांवरही शंका घेईल. फाटकाला नाव जरूर द्या, पण मजकूर एवढाच: नाव, 'भारतीय नौदल', 1967–1982.

इथे माझी स्वतःची एक चूक कबूल करते. तुम्ही जाता जाता लिहिलंय की डिसेंबरात एका संध्याकाळी बाबा जेवत नसत आणि आई म्हणे, "एकादशी व्हई." ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. लगेच वाटलं, ही 9 डिसेंबर तर नव्हे? खुकरीवर त्यांचा कोणी सोबती तर नव्हता? मनात अख्खी गोष्ट तयार झाली, आणि मग लक्षात आलं की भावाने जे केलं तेच मी दोन मिनिटांत केलं. रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. तारीख तुम्हाला माहीत नाही, मला तर नाहीच. आईला विचारा, पण तारीख सुचवू नका. "9 डिसेंबरच होती ना?" असं विचारलंत तर ती तुमच्या समाधानासाठी हो म्हणेल. तिला आठवलं तर ठीक, नाहीतर 'डिसेंबरात एका संध्याकाळी ते जेवत नसत, का ते कोणाला माहीत नाही' हे वाक्य तसंच छापा. मला तर ते मुखपृष्ठावरच्या नौकेपेक्षा जड वाटतं.

लोणावळ्याबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रात 'फक्त वर्गात बसले होते' असा शब्द आलाय आणि तो मला खटकला. 1971 च्या त्याच युद्धात विमानवाहू विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले होते. वेग कमी ठेवून, उरलेल्या बॉयलरवर ती बंगालच्या उपसागरात लढली, तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजार गाठलं. म्हणजे बॉयलरची राखण हा त्या काळच्या नौदलातला जीव की प्राण असलेला विषय होता, आणि एकवीस वर्षांचा तुमचा बाप तोच शिकत होता. पुढे कागदावर 'निलगिरी' असं जहाजाचं नाव आहे ना? ती जून 1972 मध्ये नौदलात आली, मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली. आपल्या देशात बांधलेली अशी ती पहिली मोठी युद्धनौका, आणि ती वाफेवर चालायची. बोरीकाठच्या एका पोराने तिच्या पोटात उभं राहून ती हलवली आहे. भावाला मोठं काहीतरी हवं असेल तर हे आहे, आणि कागदानिशी आहे.

भाऊ अडूनच बसला तर आणखी दोन गोष्टी हाताशी ठेवा. 4 डिसेंबरच्या रात्री कराचीवर गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका डिझेल इंजिनांच्या होत्या. बाबा वाफेवरचे कारागीर. आणि भावाने पाठवलेल्या मसुद्यात '1967 मध्ये ओडिशातील आयएनएस चिल्का येथे प्रशिक्षण' असं वाक्य आहे, ते काढा. चिल्का 1980 मध्ये सुरू झाली. ते कुठल्यातरी दुसऱ्याच्या माहितीतून उचललेलं दिसतं.

आता 'कुटुंबवत्सल'. माझे वडील शिंदखेडा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या गंधमुक्तीच्या पत्रिकेवर छापखानेवाल्याने 'शिक्षणमहर्षी' छापलं, न विचारता. त्याच्याकडे ठरलेले शब्द असतात: व्यापाऱ्याला 'दानशूर', शेतकऱ्याला 'प्रगतिशील', बाईला 'मातृहृदयी', आणि बाकी काही सुचलं नाही की 'कुटुंबवत्सल'. तेव्हा त्या शब्दाशी झगडत बसू नका, तो तुमच्या घरातून आलेलाच नाही. तो खोडा आणि त्याच्या जागी काय दिसतं ते पाहा.

तुमच्याच पत्रात काय काय आहे! दीपनगरच्या कॉलनीत बाबा रविवारी रात्री दोन्ही मुलांच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करत, कॉलर आधी, मग खांदे, मग बाह्या, आणि शेजारच्या बायका हसत. तुमच्या वेण्या तेच घालत, दोरखंड वळल्यासारख्या, इतक्या घट्ट की संध्याकाळपर्यंत भुवया वर ताणलेल्या राहत. गोठ्यात म्हशीचं दावं ते अशा गाठीने बांधत की म्हशीने कितीही ओढलं तरी सुटू नये आणि त्यांनी एक टोक ओढलं की झटक्यात मोकळी. आणि विहिरीवरची मोटर कुरकुरायला लागली की लांब पेचकसाचं टोक मोटरीवर आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून ऐकत. "बेरिंग गयं," म्हणत, किंवा "काही नही, हवा धरस." निम्मं गाव त्यांना मोटर ऐकवायला बोलवायचं. ताई, हे तुम्ही 'किरकोळ आठवणी' म्हणून शेवटच्या पानावर लिहिलंत. अहो, इथेच तर तुमचं नौदल आहे. तुम्हाला वाटतं नौसैनिक बाप एक आणि घरातला बाप दुसरा, पैकी कोणावर लिहायचं? आई म्हणते घराचं लिही, भाऊ म्हणतो दर्याचं लिही. कानाला पेचकस लावून बसलेला माणूस दोन्हीकडे एकच आहे.

आणि जी सहा वर्षं तुम्ही त्यांना ओळखत नव्हता, ती गाळू नका. 'पाव्हना उना' हे स्मरणिकेत यायलाच हवं. लोक हसतील आणि मग गप्प होतील, कारण खानदेशात लष्करात, रेल्वेत, सुरतच्या गिरण्यांत बाप असलेली घरं काही कमी नाहीत. त्या काळात घर कोणी चालवलं हेही त्यातूनच कळेल. बाबा निलगिरीवर होते ते 1972 साल म्हणजे दुष्काळाचं. आई तेव्हा सासरी नवी नवरी, अंगावर दिवस गेलेले, आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, असं तुम्हीच लिहिलंय. घरात लाल मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या लाल ज्वारीच्या, भाकऱ्या. बाबांची मनीऑर्डर यायची ती सासऱ्यांच्या नावावर, तिच्या हातात नाही. हे तिने तुम्हाला कधी सांगितलं? यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाबांच्या नावाची घागर पुजताना. बाप गेल्यावर घागरीशी बसून ती हे बोलली, म्हणजे तिला सांगायचं आहे.

म्हणून स्मरणिकेची एक रचना सुचवते, पटली तर घ्या. डाव्या पानावर सेवेच्या कागदातली नोंद, जशीच्या तशी: साल, जहाज किंवा तळ, हुद्दा. उजव्या पानावर त्याच साली घरात काय चाललं होतं ते, आईच्या शब्दांत. डावीकडे निलगिरी, उजवीकडे खडी. 1982 पर्यंत असं चालू द्या. त्यानंतर डावं पान संपतं, सगळं एकाच पानावर येतं, कारण माणूस घरी आला. चकचकीत कागद नको, सोळा पानं बास. शेवटी त्या गाठीचं चित्र काढा, नातवंडांपैकी कोणाला जमत असेल तर. कोणाला ती बांधता येत नसेल तर गावातल्या माजी सैनिकांना विचारा, फाटकाआधी हे काम द्या त्यांना.

आईकडून काढून घेण्याचं काम मात्र आजपासून सुरू करा. "बाबांबद्दल सांग" असं विचारू नका, "चांगला माणूस व्हता" एवढंच उत्तर मिळेल. वस्तू हातात द्या. पेटी द्या, आंतर्देशीय पत्रं द्या, फोटो द्या. "हा सदरा कोणता?" "ही पेटी कोणी रंगवली?" "सुट्टीवरून आले की पहिलं काय मागायचे जेवायला?" मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू ठेवा आणि मोबाइल नजरेआड ठेवा. एका बैठकीत अर्ध्या तासाहून जास्त नको. आणि छापताना तिची अहिराणी शाळेच्या मराठीत बदलू नका, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून मुद्दाम बजावते. 'मी ते घर दखं' याचं 'मी तर घर पाहिले' केलंत की बाई निघून गेली, वाक्य राहिलं. फोटोंच्या मागे पेन्सिलने, हलक्या हाताने लिहा: कोण, कुठे, कोणी सांगितलं. गणवेशातल्या फोटोत टोपीच्या फितीवर अक्षरं दिसत असतील तर भिंगाने वाचा, जहाजाचा पत्ता तिथूनही लागतो.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण असा बाप किंवा नवरा गेलेल्या दुसऱ्या वाचकांनाही ते लागेल. नौसैनिकांच्या सेवेच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला, नौदलाच्या 'ब्यूरो ऑफ सेलर्स' या कार्यालयात असतात. सेवा क्रमांक, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडून पत्नीच्या नावाने अर्ज करायचा. अर्ज कसा लिहावा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. तिथे जाल तेव्हा आईचं कुटुंब निवृत्तिवेतन नीट सुरू झालं आहे ना, तेही पाहा. पेन्शनच्या आदेशावर, म्हणजे पीपीओवर, आईचं नाव आणि जन्मतारीख काय आहे आणि आधारवर काय आहे, हे शेजारी ठेवून वाचा. आपल्याकडे माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर आणि जन्मतारीख दोन्हीकडे 1 जून, किंवा दोन्हीकडे वेगळी, हा रोग घरोघरी आहे. ते आत्ताच दुरुस्त करा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, तोही आता आईच्या नावाने. स्मरणिका महिनाभर उशिरा निघाली तरी चालेल, हे काम लांबवू नका.

राहिला भाऊ. त्याला फोनवर सांगू नका, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. वर्षश्राद्धाच्या आठ दिवस आधी त्याला एकट्याला गावी बोलवा, वहिनी-पोरं मागाहून येऊ देत. बाबांची पेटी तुम्ही उघडून बसू नका, त्याला उघडू द्या. "मला हे सापडलं, तू चुकलास" असं ऐकायला कोणालाच आवडत नाही, आणि धाकट्या बहिणीकडून तर नाहीच. कागद त्याच्या हातात द्या, 'शिवाजी' तो स्वतः वाचेल; ती लोणावळ्यात आहे, एवढंच सांगा. गप्प बसेल, चिडेल, कदाचित उठून गोठ्याकडे जाईल. जाऊ द्या. मागे जाऊ नका. परत आला की निलगिरीचं सांगा.

आणि एक पान त्याच्यासाठी राखून ठेवा. ते फक्त त्यानेच लिहायचं, तुम्ही दुरुस्तही करायचं नाही: बाबा 1982 ला कायमचे घरी आले तो दिवस, नऊ वर्षांच्या मुलाने पाहिलेला. कराचीबद्दल त्याला लिहायचंच असेल तर तेही त्या पानात येऊ शकतं: 'मला लहानपणी वाटायचं की बाबा कराचीला गेले होते.' हे वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि ते फक्त त्यालाच लिहिता येईल. तरीही तो नौकेच्या मुखपृष्ठावर अडून राहिला, तर स्मरणिकेवर लेखिका म्हणून तुमचं नाव घालू नका आणि तसं त्याला आधीच सांगा. त्यावरून वर्षश्राद्धाला भांडू मात्र नका. आईसमोर तर नाहीच. तिची पानं वेगळी टाइप करून, प्रती काढून, घरातल्या प्रत्येकाला द्या. छापखान्यावाचूनही ती टिकतील.

कपाटातल्या पदकाचं तुम्ही विचारलंय. भाऊ ते युद्धाचं समजतो. तुम्ही केलेल्या वर्णनावरून मला ते स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्धापनाचं पदक वाटतं. 15 ऑगस्ट 1972 रोजी सैन्यदलांत असलेल्या सगळ्यांनाच ते मिळालं होतं. सैनिक कल्याण कार्यालयातला माणूस बघताक्षणी सांगेल. त्याला ब्रासो लावून घासू नका. सैन्याच्या पदकांच्या कडेवर बहुधा माणसाचा क्रमांक आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं, ते घासून जातं. भाऊ आला की ते त्याच्या हातात द्या आणि कडेवरचं वाचायला सांगा. भिंग लागेल, आणि दिवसाउजेडी ओट्यावर बसावं लागेल.